निर्लेखन

सरकारी मराठींत गेल्या पन्नाससाठ वर्षांत जे शब्द रूढ झाले त्यांपैकीं बहुतेकांविषयीं सुशिक्षित वर्गांत थट्टेचाच सूर ऐकूं येतो. तथापि या शब्दसंभारांत एखादा शब्द असा सांपडतो कीं, तो ज्यानें घडविला त्याच्या अंगीं थोडीशी कवित्वशक्ति असावी, असें वाटल्यावांचून राहात नाहीं. 'निर्लेखन' हा असाच एक शब्द आहे. सरकारी कचेरींतील खुर्ची मोडली, पाणी उपसण्याचें एंजिन थकलें, जीपगाडीचा सांगाडा तेवढा उरला, म्हणजे ती वस्तु लागलीच बाहेर टाकतां येत नाहीं. ती कचेरींत आली तेव्हां तिचें नांव जडसंग्रह नोंदवहींत लिहिलें गेलें. आतां तें विधिपूर्वक पुसलें गेलें पाहिजे. या पुसण्यास निर्लेखन म्हणतात. खुर्ची मोडते ती लांकडाच्या धर्मानें. परंतु सरकारच्या लेखीं ती मरते ती निर्लेखनाच्या आदेशानें. मधल्या काळांत, आणि हा काळ कधींकधीं वीस वीस वर्षांचा असतो, ती बिचारी त्रिशंकूसारखी लटकत राहते. बसावयास निरुपयोगी आणि टाकावयास निषिद्ध!

'जडसंग्रह' हा शब्दहि इंग्रजी 'डेड स्टॉक' याचें रूपांतर होय. इंग्रज शेतकऱ्याच्या हिशेबांत गुरेंढोरें तीं जिवंत आणि नांगर, गाड्या व अवजारें तीं मृत, असे मालमत्तेचे दोन भाग पाडीत असत. आमच्या भाषांतरकारानें 'मृत' न म्हणतां 'जड' म्हटलें, हें बरेंच केलें. विक्रीच्या शब्दांतहि असाच परक्यांचा इतिहास सांठलेला आहे. 'लिलाव' हा शब्द आम्हांस पोर्तुगिजांकडून मिळाला. आमच्या खानदेशांतील बाजारचा माणूस 'हर्रास' म्हणतो, तो शब्द अरबी वळणाचा. ज्यांनीं ज्यांनीं येथें येऊन बाजार मांडला, त्यांनीं त्यांनीं आपला शब्द मागें ठेविला. केवळ निर्लेखन हें मात्र घरचें आहे.

आमचें आयुष्य धुळें आणि जळगांव या दोन शहरांत गेलें. पहिल्यांत शिक्षण झालें, दुसऱ्यांत अध्यापन. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळें हें त्याचें ठाणें होतें. त्या वर्षीं पूर्व व पश्चिम असे त्याचे दोन भाग झाले आणि जळगांव हें पूर्वभागाचें ठाणें बनलें. पुढें 1998 सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार निराळें झालें. राज्यकारभाराचीं घरें अशीं वाढत गेलीं, आणि घरें वाढलीं म्हणजे अडगळहि वाढते. पारोळें व एरंडोल यांवरून जाणाऱ्या हमरस्त्यानें या दोन शहरांमध्यें येजा करतांना आम्हांस एक छंद जडला. वाटेवरील सरकारी आवारांतून डोकावून पाहावयाचें. पुढच्या बाजूस झेंडा, फलक, नवा रंग; आणि मागच्या बाजूस, निंबाच्या सावलीस, टायर नसलेल्या जीपा, दारें नसलेलीं कपाटें, गंजलेले डांबराचे पिंप. वैशाखांत पारा 45 अंशांच्या घरांत गेला म्हणजे त्या पत्र्यास हात लावण्याची सोय नसते. एका जीपच्या टपांतून बाभळीचें रोप वर आलेलें आम्हीं पाहिलें. पुढें चार वर्षांनीं जीप आणि बाभूळ या दोघांपैकीं कोणास हलविल्यास कोण मोडेल हें सांगतां येईना. वाळूच्या चोरट्या वाहतुकींत पकडलेले ट्रॅक्टरहि त्याच रांगेंत उभे असतात. परंतु ते सरकारचे नव्हेत, अटकेंतले होत. परक्याचा माल धरून ठेवणें आणि स्वतःचा माल सोडतां न येणें, हीं दोन दुखणीं एकाच आवारांत नांदत असतात.

हें असें कां होतें, या प्रश्नास रस्त्यावरच्या माणसाजवळ एकच उत्तर असतें : सरकारी काम! आम्ही महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीवर सहा वर्षें काम केलें असल्यामुळें आम्हांस तें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. नियम वाचून पाहिले तर ते मूर्ख माणसांनीं केलेले दिसत नाहींत. राज्य सरकारच्या कचेऱ्यांस 1959 चे मुंबई वित्तीय नियम लागूं होतात. केंद्र सरकारनें 2017 सालीं आपले सर्वसाधारण वित्तीय नियम नव्यानें काढले. त्यांत 217 व्या नियमापासून पुढें या विषयाचें विवेचन आहे. वस्तु जादा आहे, कालबाह्य आहे, कीं निकामी झाली आहे, हें प्रथम ठरवावें व त्याचीं कारणें लिहून ठेवावींत. हें ठरविण्यास योग्य त्या दर्जाची समिति असावी. वस्तूची पुस्तकी किंमत काय, बाजारांत अंदाजानें काय येईल, आणि कोणत्या किंमतीच्या खालीं उतरावयाचें नाहीं, हें आधीं काढावें. वस्तु जर कोणा नोकराच्या हयगयीनें किंवा लबाडीनें निकामी झाली असेल तर जबाबदारी कोणाची हेंहि ठरवावें. उरलेली किंमत 2 लाख रुपयांहून अधिक असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव यांशिवाय विकूं नये. लिलावांत बोली मान्य झाली कीं, तिच्या निदान चौथाई रक्कम जागच्या जागीं घ्यावी, आणि बाकीचा पैसा हातीं आल्यावांचून माल हलवूं देऊं नये. इतकें करूनहि गिऱ्हाईक न मिळाल्यास अर्थखात्याचा सल्ला घेऊन भंगाराच्या भावानें विकावें. शेवटीं विक्रीचा हिशेब ठराविक नमुन्यांत लिहून ठेवावा.

यांतील एकहि पायरी अनाठायीं नाहीं. प्रत्येक पायरीच्या खालीं एखादी जुनी चोरी पुरलेली आहे, असें म्हटलें तरी चालेल. ज्या घरांतून एकदां तांब्या गेला, त्या घरांत तांब्यास सांखळी बांधतात. सरकारच्या घरांतून पुष्कळ तांबे गेलेले आहेत.

सत्तेच्या हातून झालेल्या अशा विक्रीचें एक उदाहरण आमच्या महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे, आणि तें विसरण्यासारखें नाहीं. 1853 सालीं नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें आणि राजवाड्यांतील मालमत्तेसहि हात घातला. हत्ती, घोडे, बैल यांचा नागपुरांत जाहीर लिलाव झाला व तीं जनावरें मातीमोलानें गेलीं. जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन तेथील बाजारांत विकलें. वृद्ध बांकाबाईनें सामान हलविल्यास वाड्यास आग लावीन म्हणून धमकी दिली. परंतु त्या धमकीनें लिलाव थांबला नाहीं. लिलाव जाहीर होता, बोली उघड होती, हिशेबहि ठेविला गेला. म्हणजे पद्धतींत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें एवढेंच कीं, विकणाराची मालकीच लोकांस मान्य नव्हती. आज तीच पद्धति लोकांच्या सरकारच्या हातीं आहे आणि वस्तु लोकांच्याच आहेत. तथापि लिलावाच्या दिवशीं आवाराच्या तारेबाहेर उभा असलेला माणूस जेव्हां 'सरकारचा माल निघाला' असें म्हणतो, 'आपला माल निघाला' असें म्हणत नाहीं, तेव्हां नागपूरच्या त्या बोलीची आठवण आम्हांस होते.

उलट बाजूचें उदाहरण कानपूरचें आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर परदेशी सैन्यांचा अफाट माल हिंदुस्थानांत पडून राहिला. कानपूरच्या चकेरी विमानतळावर लिबरेटर जातीचीं चार एंजिनांचीं बाँबफेकी विमानें उभीं होतीं. तीं पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून जातांजातां तीं मुद्दाम मोडण्यांत आलीं. त्यांवर जड यंत्रें घातलीं, एंजिनांत वाळू भरली. कागदोपत्रीं तें सारें भंगार होतें. परंतु 1948 सालीं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनीं त्या ढिगाऱ्यांतून एकाचा पंख, दुसऱ्याचें शेपूट असें करून विमानें उभीं केलीं. वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं तशीच एकामागून एक उडवीत बंगळुरास नेलीं. अशीं चाळीसेक विमानें तयार झालीं व त्यांतलीं शेवटचीं 1968 पर्यंत आमच्या वायुदलांत होतीं. 'निकामी' हा शब्द लिहिणाराच्या हातीं असतो, आणि पुष्कळदां त्याचा अर्थ 'आमच्या कामाचें नाहीं' एवढाच असतो, हें या गोष्टीवरून कळतें. ज्या प्रश्नाचें उत्तर नियम मागत नाहीं तो प्रश्न हाच कीं, ही वस्तु आमच्या कामाची नसेल. पण दुसऱ्या कोणाच्या कामाची आहे काय?

या प्रश्नानें आमच्या समितीची एक संपूर्ण दुपार घेतली होती, ती हकीकत सांगतों. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील जुनें सामान निर्लेखनास निघालें होतें. लांकडी टेबलें, फुटके विद्युत्‌मापक, लोखंडी स्टॅण्ड, आणि त्यांत काचेच्या पेटींत बसविलेला एक पितळी तराजू. विजेवर चालणारे नवे काटे आल्यापासून त्यास कोणी हात लावीत नसे. नोंदवहींत त्याची किंमत इतकी जुनी होती कीं, आज त्या रकमेंत दोन माणसांचा चहा व्हावयाचा नाहीं. प्रयोगशाळेचे परिचर अण्णा त्याच वर्षीं निवृत्त होत होते. समितीची बैठक चालूं असतां ते दाराशीं येऊन उभे राहिले व म्हणाले, "सर, तीस वर्षं हा तराजू मीच पुसला. याची वजनं चिमट्यानं उचलायला मीच पोरांना शिकवलं. भंगारवाला देईल त्याच्या दुप्पट देतो, पण हा मला द्या."

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. आमचें मत अर्थातच तराजू अण्णांस द्यावा असें होतें, आणि आणखी दोघांचें तसेंच दिसत होतें. परंतु आमचे हिशेबनीस भाऊसाहेब डोळ्यांवरचा चष्मा न काढतां म्हणाले, "अण्णा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण नोकराला माल थेट देता येत नाही. आज तुम्हाला तराजू दिला, तर उद्या सागवानी टेबल कोणाच्या घरी जाईल आणि परवा पंखे कोणाच्या, हे मला विचारू नका." अण्णा 'बरं' म्हणून निघून गेले. समितीनें तीनविरुद्ध दोन मतांनीं सगळें सामान एकाच लॉटमध्यें विकावें असें ठरविलें. आम्ही त्या दोघांपैकीं एक होतों.

त्या दिवशीं भाऊसाहेबांचा आम्हांस राग आला. पुढें विचार करतां त्यांच्या म्हणण्यांतील सत्य दिसूं लागलें. जो नियम अण्णांस आडवा आला, तोच नियम अण्णांहून कितीतरी मोठ्या माणसांस आडवा येतो. अण्णांनीं दुप्पट किंमत देऊं केली होती. मोठीं माणसें अर्धी देऊं करतात आणि दाराशीं उभीं न राहतां दूरध्वनीवरून सांगतात. दयेसाठीं दार किलकिलें केलें तर त्यांतून आधीं लोभ शिरतो. हें सर्व मान्य. परंतु लॉट एकच करावयाचा कीं दहा करावयाचे, हें नियमानें समितीवर सोंपविलें आहे. तेथें नियमाचा हात थांबतो आणि माणसाचें तारतम्य सुरूं होतें. टेबलें, लोखंड, पितळ असे निराळे ढीग केले असते आणि फळ्यावर जाहीर सूचना लाविली असती, तर अण्णा कोणत्याहि नागरिकासारखे रांगेंत उभे राहून बोली बोलूं शकले असते. सारा माल एका लॉटमध्यें गेला म्हणजे बोली बोलण्यास टेंपो, हमाल आणि अनामत भरण्यापुरतें भांडवल लागतें. आणि मग बोलणारे तेच ते चार उरतात. हे चौघे लिलावाच्या आधीं चहाच्या टपरीवर भेटतात. कोणीं कोठें थांबावयाचें हें तेथेंच ठरतें, आणि आवारांत जें ऐकूं येतें तो केवळ नाट्यप्रयोग असतो. आमच्या सामानाचा लॉट हातच्या किंमतीहून किंचित् वर जाऊन एका भंगारव्यापाऱ्यास मिळाला. पुढच्याच आठवड्यांत अण्णांनीं त्याच्या दुकानीं जाऊन तो तराजू पितळेच्या वजनावर विकत घेतला. काचेची पेटी तोंपर्यंत फुटली होती. सरकारी नियमाचें पालन झालें, व्यापाऱ्यास नफा झाला, अण्णांस तराजू मिळाला. फक्त जो अधिक पैसा महाविद्यालयास मिळावयाचा तो मिळाला नाहीं, आणि पेटीची काच गेली.

ही टोळक्यांची विद्या मोडण्याकरितां अलीकडे जो उपाय झाला तो पुष्कळ अंशीं यशस्वी झाला आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. 1964 सालीं स्थापन झालेल्या मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीमार्फत आतां संगणकावर लिलाव होतात, एस. टी. महामंडळाच्या जुन्या गाड्याहि या मार्गानें विकल्या गेल्या आहेत. बोली बोलणाऱ्यास समोरचा कोण हें दिसत नाहीं. आणि वेळ संपतां संपतां कोणी बोली वाढविली तर लिलाव आपोआप आणखी कांहीं मिनिटें लांबतो. टपरीवरच्या चहास यामुळें फारसा अर्थ उरला नाहीं. रेल्वेनेंहि भंगार सांठूं द्यावयाचें नाहीं असा निश्चय करून 2020-21 या एका वर्षांत त्यापासून साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविलें. आमच्या भुसावळास एके काळीं वाफेच्या एंजिनांचें केवढें ठाणें होतें हें जुन्या माणसांस आठवत असेल. त्या एंजिनांचें लोखंड कोठें वितळलें आणि त्याच्या सळया कोणाच्या स्लॅबांत गेल्या, हें आज कोण सांगणार? परंतु संगणकानें टपरी मोडली तशी तारेबाहेरची गर्दीहि मोडली. नांवनोंदणी, अनामत, संगणकावरची सही, हीं सर्व मोठ्या व्यापाऱ्यास सोपीं असतात. शिरपूर किंवा यावल तालुक्यांतील ज्या सुतारास चार कपाटें हवीं असतात त्याच्यापर्यंत लिलावाची बातमीच पोंचत नाहीं.

मोटारींचें तर दुसरें आयुष्यच आतां संपलें आहे. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी खातीं, नगरपालिका आणि एस. टी. यांच्या मालकीच्या ज्या गाड्यांस 15 वर्षें झालीं त्यांची नोंदणी रद्द होते. संरक्षण व कायदा-सुव्यवस्था यांसाठींच्या कांहीं विशेष गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. अशा गाड्या नोंदलेल्या मोडकेंद्रांतच मोडावयाच्या. पूर्वीं सरकारी जीप लिलावांत निघाली म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशीं तिला आणखी दहा वर्षें मिळत. केळीचीं खोडें, बाजारकरणी बाया, आडल्या बाळंतिणी, सगळ्यांस ती पुरे. आतां तसें होणार नाहीं. धूर कमी होईल आणि ब्रेक न लागून होणारे अपघातहि टळतील, म्हणून या नियमास नांवें ठेवण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मात्र जी गाडी आपण मोडली तिच्या जागीं त्या वाडीस कोणती गाडी मिळाली, हा प्रश्न मोडकेंद्राच्या पावतीवर छापलेला नसतो. पुनरुपयोगाची बुद्धि सरकारास नसतेच असें नाहीं. 2020 च्या टाळेबंदींत उतारू बंद झाले तेव्हां एस. टी. नें आपल्या जुन्या गाड्यांचे मालट्रक करून खतें, धान्य, आंबे वाहिले. अडचण आली म्हणजे निकामी वस्तूंत काम दिसूं लागतें.

या सर्व प्रकरणांत एक विनोद आहे, तो वाचकांपासून लपवून ठेववत नाहीं. केंद्र सरकारची खरेदी आणि टाकाऊ मालाची निर्गति पाहण्यासाठीं दिल्लीस एक मोठें खातें होतें. त्याच्या नांवांतच 'पुरवठा व निर्गति' हे दोन शब्द होते. खरेदीविक्रीचा नवा सरकारी बाजार संगणकावर उघडल्यावर 31 ऑक्टोबर 2017 रोजीं तें खातेंच बंद करण्यांत आलें. ज्यानें दुसऱ्यांस टाकाऊ ठरविण्यांत जन्म घालविला, तें स्वतःच जडसंग्रहांतून पुसलें गेलें! आम्हीहि आतां अशा वयास पोंचलों आहों कीं, हा विनोद आम्हांस पूर्वींइतका परका वाटत नाहीं. चार्ल्स लँब यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत तेहतीस वर्षें हिशेब लिहून 1825 सालीं निवृत्ति घेतली आणि त्यावर एक सुंदर निबंध लिहिला. परंतु त्याच्या मागें ती कचेरीहि फार दिवस टिकली नाहीं. 1861 सालीं ती इमारतच पाडण्यांत आली.

लोखंड व पितळ यांविषयीं इतकें झालें. परंतु आमच्या मनास खरी चिंता वाटते ती कागदाची. लोखंड वितळलें तरी लोखंडच राहतें. कागद रद्दींत गेला म्हणजे त्यावरचें अक्षर कायमचें गेलें. धुळ्यांत राहणाऱ्या माणसास हें सांगावें लागत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून ज्या दप्तरांचा उद्धार केला तीं दप्तरें घरवाल्यांच्या दृष्टीनें अडगळच होतीं. कोठें तीं वाळवी खात होती, कोठें वाण्याच्या पुड्यांसाठीं जात होतीं. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजीं धुळ्यांतच वारले, आणि त्यांच्या संग्रहासाठीं 1927 सालीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. एका माणसानें 'हें निकामी आहे' हा लोकांचा अभिप्राय मानला नाहीं, म्हणून महाराष्ट्रास आपल्या इतिहासाचीं साधनें मिळालीं.

सरकारी कागदांचेहि वर्ग असतात. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा, 'ड' वर्गाचा वर्षभरानें नष्ट करावयाचा. 1993 च्या केंद्रीय अभिलेख कायद्यानें तर 1892 पूर्वींचा कागद, तो अगदींच जीर्ण होऊन कोणत्याहि उपयोगाचा उरला नसल्यास, अभिलेखागाराच्या प्रमुखाच्या मतावांचून नष्ट करूं नये असें बंधन घातलें आहे. कायदा उत्तम आहे. परंतु कागदास वर्ग देणारा कारकून त्या दिवशीं घाईंत असतो. खोली रिकामी करून तेथें नवा संगणक बसवावयाचा असतो. दुष्काळी कामावरील मजुरांचें हजेरीपुस्तक त्याच्या दृष्टीनें जुनी हजेरी असते. पन्नास वर्षांनीं त्या गांवचा एखादा मुलगा आपल्या आजीनें कोणत्या तलावाच्या बांधावर माती वाहिली हें शोधूं लागला, तर त्यास तेंच पुस्तक हवें असतें. त्याचें नांव बोली बोलणाऱ्यांच्या यादींत नसतें, कारण तो अजून जन्मास आलेला नसतो.

जमिनीची गोष्ट कागदाहूनहि निराळी आहे. धुळ्याची न्यू प्रताप गिरणी आणि चाळीसगांवची लक्ष्मीनारायण गिरणी या 1974 च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यानें सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. मुंबईंत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें 2005 सालीं आपल्या पांच गिरण्यांच्या जागा विकल्या. त्यांचे दोन हजार कोटींच्या आसपास रुपये आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च 2006 मध्यें निकाल विक्रीच्या बाजूनें लागला. त्या पैशानें कामगारांचीं देणीं भागविणें आणि उरलेल्या गिरण्या सुधारणें हा हेतु सांगितला गेला होता, व तो वाईट नव्हता. परंतु यंत्र गंजतें म्हणून त्यास लवकर विकणें शहाणपणाचें. जमीन गंजत नाहीं. ती एकदां विकली म्हणजे पुढच्या पिढीस शाळा, दवाखाना किंवा मोकळी हवा यांसाठीं तीच जमीन दसपटीनें परत घ्यावी लागते, आणि बहुधा मिळतच नाहीं. जादा झालेली जीप आणि जादा झालेली जमीन यांस एकच 'जादा' हा शब्द लावणें, ही हिशेबाची सोय असेल, विचाराची नव्हे.

मग करावें काय? नियम सैल करा असें आम्ही म्हणणार नाहीं. भाऊसाहेबांनीं तेवढें आम्हांस शिकविलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, जडसंग्रह नोंदवहींत एक रकाना वाढवावा. वस्तु कधीं आली, कितीस आली, कधीं गेली, कितीस गेली, हे रकाने आहेतच. त्यांच्या शेजारीं 'कोणाच्या उपयोगीं पडेल' असा एक रकाना असावा, आणि तो भरल्यावांचून समितीची सही होऊं नये. तो भरावयास बसलें म्हणजे समितीस निदान एकदां तालुक्याकडे मान वळवून पाहावें लागेल. बांकें एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेस हवीं असतील, लोखंडी खाटा ग्रामीण रुग्णालयास, हजेरीपुस्तकें राजवाडे मंडळासारख्या संस्थेस. ज्यास कोणीच नको त्याचे लहान लहान लॉट करून जाहीर लिलाव करावा, आणि त्याची सूचना संगणकाबरोबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावरहि लावावी. यांत एकाहि नियमाचा भंग होत नाहीं. फक्त काम थोडें वाढतें.

ही सूचना आम्हीं गेल्या वर्षीं समितीपुढें मांडली. भाऊसाहेबांनीं ती शांतपणें ऐकून घेतली, चष्मा काढून पुसला आणि विचारलें, "सर, रकाना वाढवायचा तर नवी नोंदवही छापावी लागेल. मग जुन्या कोऱ्या नोंदवह्या शंभरावर शिल्लक आहेत, त्यांचं काय करायचं?" आम्हीं सांगितलें, पहिला प्रयोग त्यांवरच करूं, रकाना हातानें आंखूं. भाऊसाहेब हंसले आणि त्यांनीं पट्टी मागविली. आजवर चाळीस पानें आंखून झालीं आहेत. त्यांतील पहिल्या ओळींत सव्वीस लांकडी बांकांची नोंद असून तिच्या शेवटच्या रकान्यांत चोपडें तालुक्यांतील एका शाळेचें नांव भाऊसाहेबांच्याच अक्षरांत लिहिलेलें आहे.